कैवान मुन्शी सर, हे आभार बाबांच्या वतीनेही

आदरणीय मुन्शी सर,

सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. पण तुम्ही आणि मार्क रोझेन्झ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दादरच्या शाळांवर लिहिलेला २००६ चा शोधनिबंध मी वाचला, आणि बाबांवरचा माझा कित्येक वर्षांचा राग गेला. म्हणून हे पत्र.

बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. १९८२ च्या संपानंतर पुन्हा खात्यात गेलेच नाहीत. दादाला त्यांनी मराठी शाळेत घातलं आणि मला इंग्रजी. खरं तर हुशार दादाच. चाळीच्या जिन्यात बसून तो तिसापर्यंतचे पाढे घडाघडा म्हणायचा, मी सतरालाच अडखळायचे. काका गोदीत होते. बशीत चहा ओतता ओतता ते म्हणायचे, "दहावी होऊ दे, चिकटवतो त्याला." माझ्याबद्दल असं कुणीच काही म्हणालं नाही. दादा चिकटला. मी कॉम्प्युटर शिकले, बँकेत लागले. आमच्या दोघांच्या पगारात जे अंतर पडलं, त्याचा दोष मी बाबांना देत राहिले.

तुम्ही दादरमधल्या सुमारे ४,९०० मराठी कुटुंबांची वीस वर्षांची माहिती गोळा केलीत. नव्वदच्या दशकात इंग्रजी शिकलेल्यांची कमाई झपाट्याने वाढली, तरी कष्टकरी जातींतले बरेच मुलगे मराठी शाळेतच जात राहिले. कारण तिथून पुढची नोकरी जातभाईंच्या शब्दावर ठरलेली होती. मुलींसाठी शब्द टाकणारं कुणी कधी नव्हतंच, म्हणून त्या इंग्रजी शाळांकडे वळू शकल्या.

मला सगळ्यात भिडलं ते पुढचं. हा अडाणीपणा नाही, असं तुमचा अभ्यास सांगतो. गिरणी-गोदीत ज्याला आपल्या माणसाने चिकटवलं, त्याने पुढच्याला चिकटवायचं. एकेक जण वेगळ्या वाटेने गेला तर मागच्यांसाठी शब्द कोण टाकणार? माणसं एकमेकांना धरून होती, आणि त्या धरून असण्यातच दादासारखे मुलगे अडकले. मराठी शाळेला नावं ठेवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

मागच्या रविवारी बाबांना हे सगळं समजावून सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुझ्या काकाने शब्द पाळला होता गं."

तुमचे मनापासून आभार, सर.

आपली,
गिरणगावातली एक मुलगी