आईच्या खोकल्याच्या औषधाविषयी

पुणे

तीर्थरूप बाबा व आई यांना साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी रात्री आईच्या छातीखाली कळ आली, बाबांनी तिला मंगळवार पेठेतून रिक्षाने दवाखान्यात नेले, ईसीजी व्यवस्थित निघाला आणि पहाटेपर्यंत कळ ओसरली, म्हणून तुम्ही दोघांनी सगळा दोष दुपारच्या तांबड्या रश्श्याला दिलात. मात्र झोपण्यापूर्वी आईने कोडीन असलेले खोकल्याचे औषध घेतले होते, हे काल फोनवर समजल्यापासून माझा संशय त्या बाटलीवर आहे.

पित्तनलिका लहान आतड्यात जिथे उघडते तिथे स्नायूचे एक बारीक कडे असते. रुग्गेरो ओडी या इटालियन विद्यार्थ्याने १८८७ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला ओडीचे नाव आहे. एरवी हे कडे आवळत-सैलावत पित्त थोडे थोडे पुढे सोडते. मॉर्फिन, किंवा ज्याचा काही भाग यकृतात मॉर्फिनच होतो ते कोडीन, पोटात गेले की कड्याचे आकुंचन वाढते आणि मागे नलिकेत पित्ताचा दाब चढतो. पित्ताशय असेल तर ती पिशवी हा दाब बराचसा सामावून घेते. आईचे पित्ताशय खड्यांसकट काढलेले असल्याने सगळा ताण नलिकेवरच येतो, आणि त्यातून उठणारी कळ थेट हृदयविकारासारखी भासू शकते.

सगळी वेदनाशामके अशी नसतात. पित्ताच्या कळेवर डॉक्टर डायक्लोफेनॅक देतात, पण ते जठराला आणि मूत्रपिंडाला त्रासदायक ठरू शकते. बाबा, तुम्हाला रक्तदाब आहे, तेव्हा गुडघ्यासाठी ते स्वतःच्या मनाने घेऊ नका. ट्रामाडॉलचा त्या कड्यावरचा परिणाम मॉर्फिनपेक्षा बराच कमी असतो, तरी तेही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

आई, ती बाटली आता वापरू नकोस. तुझ्या फाइलच्या पहिल्याच पानावर ‘पित्ताशय काढले आहे, कोडीन घेतल्यावर कळ आली’ असे ठळक लिहून ठेव आणि दातांच्या डॉक्टरांकडे जातानाही ते पान दाखव, कारण शस्त्रक्रिया जुनी झाली की आपण ती सांगायची विसरतो. पुन्हा कळ आली तर औषधाचीच असेल असे समजून घरी थांबू नका. बाबांनी त्या रात्री केले तेच योग्य होते.

शनिवारी मी येत आहे. घरातली सगळी औषधे एका पिशवीत काढून ठेवा, आपण एकत्र बसून पाहू.

तुमची,
लेक