संगणक कोड लिहितो, मग मी काय करते?

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आता संगणकच प्रोग्राम लिहितो म्हणे, मग तुझ्या कामाचं काय?" माझी मीटिंग सुरू व्हायची होती, म्हणून "काळजी करू नका" एवढंच म्हणाले. पण तुमचा प्रश्न रास्त आहे, तो असा घाईत उडवून लावायचा नाही. म्हणून सविस्तर लिहितेय.

तुम्ही ऐकलंत ते खरंच आहे. काय हवंय ते साध्या भाषेत सांगितलं की ही नवी साधनं बघता बघता शंभर ओळींचा कोड लिहून देतात. मीही ती रोज वापरते, आवडीने वापरते. तेच ते, कंटाळवाणं काम त्यांच्यामुळे हातावेगळं होतं. पण ओळी लिहिणं हा माझ्या कामाचा पहिल्यापासूनच लहान भाग होता. दिवसातला बराचसा वेळ मी वाचत असते. दुसऱ्यांनी लिहिलेला कोड, कितीदा तर कंपनी सोडून गेलेल्या माणसांचा. आई, तू म्हणतेस ना, "नुसती स्क्रीनकडे बघत बसतेस," तेव्हा मी हेच करत असते. ही ओळ इथे का आहे, ती काढली तर कुठे काय बिघडेल, याचा माग काढणं बाहेरून तसंच दिसतं.

याचं महत्त्व पटावं म्हणून एक घडलेली गोष्ट सांगते. ४ जून १९९६ रोजी युरोपचं 'एरियन ५' हे रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि सुमारे चाळीस सेकंदांत त्याचे तुकडे झाले. दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेतला कोड आधीच्या 'एरियन ४' मधून जसाच्या तसा उचलला होता. तिथे तो वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला होता. त्यात रॉकेटच्या आडव्या वेगाशी निगडित एक मोठा आकडा छोट्या जागेत बसवला जायचा. त्या जागेत ३२,७६७ च्या वरचा आकडा मावतच नाही. जुन्या रॉकेटचा वेग तेवढा नव्हता, म्हणून कधी अडलं नाही. नवं रॉकेट जास्त वेगवान होतं; आकडा मावला नाही, यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणाही होती, पण तिच्यात तोच कोड, त्यामुळे तीही बंद पडली. मला सगळ्यात जास्त चटका लावणारी गोष्ट ही, की रॉकेट जमिनीवरून उठल्यावर त्या हिशेबाची नव्या रॉकेटला गरजच नव्हती.

लिहिणाऱ्यांना कोड येत नव्हता असं नाही. ज्या गृहीतकावर तो उभा होता, ते नव्या जागी कुणी पुन्हा तपासलं नाही. बाबा, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथे आहे. नवी साधनं जो कोड देतात तो बहुतेक वेळा दिसायला नीटनेटका असतो, चालतोही. पण आमच्याकडे तो कुठल्या गृहीतकावर चालणार, दहा माणसांऐवजी दहा लाख माणसं आली तर काय, रक्कम शून्य आली तर काय, एकाच वेळी दोघांनी बटण दाबलं तर काय, हे प्रश्न कुणीतरी विचारायला लागतात, आणि चुकलं तर जबाबदारीही घ्यावी लागते. लिहिण्याचा वेग वाढला तसं तपासून वाचण्याचं काम वाढलंय. पुढच्या दहा वर्षांची खात्री मी देऊ शकत नाही. कामाचं स्वरूप बदलेल, बदलतंच आहे. पण समजून घेण्याची गरज संपेल असं मला अजिबात वाटत नाही.

आणि म्हणूनच सकाळी माझा फोन बंद असतो, आई. एखादा मोठा प्रोग्राम डोक्यात उभा राहायला वेळ लागतो. हे इथून तिथे जातं, तिथे ते बदलतं, मग डेटाबेसमध्ये, म्हणजे माहितीच्या कोठारात, साठतं, असं सगळं एकदम डोक्यात धरून ठेवायचं असतं. मध्ये एक मेसेज वाजला की पुन्हा पहिल्यापासून. 'पोमोडोरो' नावाची एक प्रसिद्ध पद्धत आहे, पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती. पुष्कळांना ती मानवते. मला नाही मानवत, कारण नेमकं सगळं डोक्यात जुळून आलेलं असतं तेव्हाच गजर होतो. त्यापेक्षा सकाळचे दोन-तीन तास सलग, मीटिंगशिवाय मिळाले, की दिवस सार्थकी लागतो. मात्र काही तातडीचं असेल तर लागोपाठ दोनदा फोन करा, तो मला ऐकू येईल अशी सोय केली आहे.

संध्याकाळी उठण्याआधी मी वहीत दोन-चार ओळी लिहिते: कुठे थांबले, कशाचा संशय आहे, उद्या पहिलं काय बघायचं. हो, कागदाच्या वहीत. ते लिहिलं की काम डोक्यातून उतरतं आणि झोप नीट लागते. अडलेला बग, म्हणजे कोडमधली चूक, पुष्कळदा दुसऱ्या दिवशी सकाळी सुटतो, म्हणून रात्री जागून काम रेटण्याच्या मी आता विरुद्ध आहे. तुम्ही "जास्त जागू नकोस" म्हणता ना, ते आमच्या कामालाही लागू पडतं.

कोडमध्ये केलेला प्रत्येक बदल आम्ही 'गिट' नावाच्या व्यवस्थेत नोंदवतो. संगणक चालवणारी 'लिनक्स' ही प्रणाली सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने ती २००५ मध्ये लिनक्सच्याच कामासाठी बनवली, आज जवळपास सगळे वापरतात. कुणी, कधी, काय बदललं हे ती आपोआप ठेवते. 'का' बदललं ते मात्र माणसालाच लिहावं लागतं. मी ते 'का' मन लावून लिहिते. माझ्यानंतर पाच वर्षांनी तो कोड उघडणाऱ्या अनोळखी माणसासाठी मी ठेवलेली ती चिठ्ठी असते.

आता तुमच्याकडे एक काम. दोघांच्याही फोनवर अपडेटची सूचना आली की तुम्ही 'नंतर' दाबता. ते अपडेट बहुधा नवी सजावट नसते, सापडलेलं एखादं भोक बुजवलेलं असतं. २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' नावाचा दोष उघडकीला आला. इंटरनेटवरची माहिती गुप्त ठेवणाऱ्या एका प्रोग्राममध्ये समोरच्याने पाठवलेल्या मजकुराची त्याने सांगितलेली लांबी खरी आहे का, एवढंच तपासायचं राहिलं होतं. तो दोष दोन वर्षं तिथे होता आणि त्यातून सर्व्हरच्या, म्हणजे वेबसाइट चालवणाऱ्या संगणकाच्या, मेमरीतली माहिती बाहेर काढता येत होती. दुरुस्ती लगेच निघाली, पण ज्यांनी ती बसवली नाही त्यांना तिचा काय उपयोग?

रविवारी मी फोन करेन. त्याआधी दोन्ही फोन पूर्ण चार्ज करून ठेवा, वायफाय चालू ठेवा. बाबांच्या फोनवर अपडेट लावू तोवर आईच्या फोनवर बोलू, मग उलट.

तुमची लेक