गुरुवारच्या आधी

सांगली
मंगळवार, रात्री

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

काल "बाबा, शॉट लागलाय" म्हणून तू फोन ठेवलास, त्याचा राग धरलेला नाही. लागला असेल शॉट. मावशीवर मात्र चिडू नकोस. मीच तिला खोदून खोदून विचारलं. तुझं तिच्याकडे राहायचं ठरलं तेव्हाच ती म्हणाली होती, माझ्याच्यानं खोटं बोलवणार नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी तुझ्या पर्समध्ये तशीच घडी घालून आहे, एवढंच ती बोलली. पुढचं मी ओळखलं.

या पत्रात तो विषय काढायचा नाही असं ठरवून बसलोय. व्हॉट्सॲपवर लिहिलं तर तू निळ्या खुणा करून सोडून देतेस, म्हणून कागद घेतला. आता रजिस्टर पोस्टही उरलं नाही, स्पीड पोस्टात मिसळून टाकलं. ज्याचं आयुष्य त्या काउंटरवर गेलं त्याला काय वाटतं हे विचारू नकोस. पण पोचेल. मावशीच्या पत्त्यावरच टाकतोय, मढच्या त्या शूटिंगच्या बंगल्यावर पाठवलं तर स्पॉटदादांच्या खिशात आठवडा काढेल.

मालिका रोज बघतो. आई रात्रीची बघून पुन्हा दुपारची रिपीटही बघते आणि दोन्ही वेळा त्याच जागी रडते. गणपती पेठेत तो आपला सुपारीवाला मला थांबवून म्हणाला, "काका, ताईंना सांगा, धाकट्या जावेला एवढं छळू नका, पाप लागेल." मी म्हटलं, सांगतो. घरी येईपर्यंत हसत होतो. खरं सांगायचं तर छाती जरा फुगलीच होती. सांगलीत माणसाला नट होणं सोपं आणि नट म्हणून मान मिळवणं फार अवघड. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथंच सीता स्वयंवर केलं, तेव्हापासून इथं प्रत्येकाला वाटतं की नाटकातलं आपल्याला कळतं.

परवाच्या भागात तू काही न बोलता किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचलास ना, ते मला सगळ्यात आवडलं. त्यावर त्यांनी ते धडाम धडाम वाजवून तुझा चेहरा तीनदा दाखवला नसता तर आणखी आवडलं असतं. पण त्या तीन वेळांत मी तुझे डोळे बघितले. मेकअपदादा काहीही झाकू देत. वाळलीस तू. हनुवटीखाली ते दिसतं. आईला दिसलं नाही, किंवा दिसलं असेल आणि ती माझ्यासारखीच गप्प बसली असेल.

बघ, आलोच मी त्या विषयावर. राहू दे.

तुला प्रिया तेंडुलकर आठवते का? तू लहान होतीस, तुला ती 'हम पांच'मधली भिंतीवरची बाई म्हणूनच माहीत. अशोक सराफांची मेलेली पहिली बायको, फोटोच्या चौकटीतून नवऱ्याला टोमणे मारणारी. तू तिच्यासारखं बोलायला आमच्या लग्नाच्या फोटोमागे उभी राहायचीस आणि काच फोडली होतीस. पण आमची प्रिया तेंडुलकर म्हणजे 'रजनी'. १९८५. बासू चटर्जींची मालिका. एक साधी गृहिणी गॅस सिलिंडरवाल्याला, टॅक्सीवाल्याला, सरकारी बाबूला सरळ जाब विचारते, बास, एवढीच गोष्ट. टॅक्सीवाल्यांवरचा भाग झाला तेव्हा मुंबईत टॅक्सीवाल्यांनी निषेध केला होता. आणि आमचं काय झालं ठाऊक आहे? मी तेव्हा काउंटरला नवा. मनीऑर्डरच्या रांगेतल्या बायका खिडकीच्या जाळीवर बोट आपटून म्हणायच्या, "काय हो, रजनी बघता की नाही?" आमचे पोस्टमास्तर तर तिच्या नावानं बोटं मोडायचे. मला ती आवडायची. चहाच्या सुट्टीत पाच मिनिटं जास्त रेंगाळलो तरी वाटायचं, आत्ता ही बाई दारात उभी राहील.

इतकं एका भूमिकेनं होतं. मग लोक त्या बाईलाच रजनी समजायला लागले. तुला आता जे होतंय, सुपारीवाला पाप लागेल म्हणतो, ते तिला तेव्हा देशभर झालं होतं. त्याआधी तिनं काय काय केलं होतं! हॉटेलात रिसेप्शनिस्ट, हवाईसुंदरी, मॉडेलिंग, बातम्या वाचणं. 'हयवदन'मध्ये बाहुली होती. 'अंकुर'मध्ये अनंत नागची बायको. शंकर नागचा कन्नड सिनेमाही केला. पुढे स्वतःच्या नावाचा टॉक शो चालवला, आणि या सगळ्यात कथा लिहिल्या, चांगल्या लिहिल्या. तू नोकरी सोडलीस तेव्हा मी गप्प राहिलो त्याचं एक कारण ती होती, हे तुला कधी सांगितलं नाही.

१९ सप्टेंबर २००२ ला ती गेली. मुंबईत, राहत्या घरी, हृदयविकारानं. सत्तेचाळीस वर्षांची होती. त्याआधी कॅन्सरशी बराच काळ झगडत होती, छातीच्या. तिनं हयगय केली असं मी अजिबात म्हणत नाही, ती झुंजली. मला तिचं नव्हे, तिच्या वडिलांचं डोक्यातून जात नाही. विजय तेंडुलकर. आदल्याच वर्षी त्यांचा मुलगा गेला, बायको गेली, आणि मग ही. त्यांनी तिच्यासाठी 'स्वयंसिद्धा' लिहिली होती, दूरदर्शनला. ही गेली तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. नंतरही लिहीत राहिले, बोलत राहिले, २००८ पर्यंत जगले. एवढ्या मोठ्या माणसाशी मी स्वतःची तुलना करत नाही. त्यांच्या नाटकांवरून भावे नाट्यमंदिराच्या पायऱ्यांवर मी भांडलोय, पण त्या दिवशी पेपर वाचून मी तुझ्या खोलीत येऊन तुला झोपलेली बघून गेलो होतो. आत्याचं तर त्यानंतर झालं. आत्याचं मी लिहीत नाही, तुला सगळं माहीत आहे.

माऊ, बहुतेक गाठी साध्या असतात. मिरजेच्या डॉक्टरांना मी तुझं नाव न सांगता विचारलं. ते म्हणाले, दहातल्या बहुतेक साध्याच निघतात, पण कुठली साधी हे हातानं चाचपून कुणालाच सांगता येत नाही, सोनोग्राफी, मॅमोग्राफी करायची, आणि लागलं तर सुईनं थोडं काढून तपासायचं. तेवढंच. "घरात आधी कुणाला?" असंही त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग ते म्हणाले, थांबू नका.

आता तू म्हणशील, बँक नाही. एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले भाग. हा शब्द मी तुझ्याकडूनच शिकलो. पूर्वी बँक म्हटलं की मला पासबुक दिसायचं. हातात दोन दिवसांचे भाग, पुढचा महाएपिसोड, त्यात तुझाच ट्रॅक, तू नसलीस तर युनिट बसून राहणार. हे मला मान्य आहे. पण मला एक सांग, तुमच्या मालिकेतला सासरा मध्यंतरी काशीयात्रेला गेला होता तो काय खरोखर गेला होता? त्याचं दुसरीकडे नाटक होतं म्हणून गेला, तूच म्हणालीस. मग मोठी जाऊ चार दिवस माहेरी गेली म्हणून काय आकाश कोसळतं का? दोन ओळी लिहायच्या. "वहिनी कुठायत?" "माहेरी गेल्यात, बाबांची तब्येत बरी नाही." माझं नाव खुशाल घाला. मला चालेल.

आणि तुला भीती वाटते ती मला कळते. चार दिवस गेलीस की पाचव्या दिवशी तुझ्या साडीत दुसरी उभी असेल. असं होतं, होतच आलंय. त्या 'हम पांच'मध्येच राधिकेचं काम करणारी मुलगी बदलली, त्यातली एक विद्या बालन, ती कोण झाली पुढे ते बघ, तरी मालिका हसत हसत चालली. २०२० साली आशालता वाबगावकर आपल्या शेजारी साताऱ्यात मालिकेचं शूटिंग करत होत्या, एकोणऐंशीव्या वर्षी, सेटवर साथ शिरली आणि २२ सप्टेंबरला त्या गेल्या. केवढी बाई! गोव्याची, गाणारी, केवढी नाटकं केलेली. मालिका पुढे चालू राहिली. मी कुणाला दोष देत नाही, शंभर माणसांची चूल त्यावर पेटते हे मला समजतं. पण मालिका कुणासाठी थांबत नसेल तर तू मालिकेसाठी का थांबतेस?

पैशाचं म्हणशील तर तिथंही मी हिशेब केलाय. तुम्हाला दिवसाप्रमाणे पैसे, काम नाही त्या दिवशी काही नाही, आणि केलेल्या कामाचे हातात यायला नव्वद दिवस. म्हणजे आज तू जो सीन करतेस त्याचा चेक तीन महिन्यांनी. आमच्याकडे पगार एक तारखेला यायचा, आजारपणाची रजा होती, डॉक्टरची बिलं खात्याकडून मिळायची. मी त्याला किरकोळ नोकरी म्हणायचो. तुझा मेडिक्लेम चालू आहे का? हप्ता भरला का? नसेल तर मला सांग, मी भरतो. कॉन्ट्रॅक्ट सही करताना आजारपणाचं कलम वाचलंस का? तू वाचत नाहीस, मला माहीत आहे. दहावीचा फॉर्मसुद्धा न वाचता सही करायला आणला होतास. बारा-तेरा तास उभं राहायचं, त्यावर प्रवास, रात्री दीडला जेवण, सकाळी सातचा कॉल. पाणी पीत नाहीस, का तर व्हॅनिटी व्हॅन लांब लावलेली असते आणि साडी नऊवारी. हे शरीर आहे, त्याला काही नियम...

लेक्चर झालं. माफ कर. आई आत्ता स्वयंपाकघरातून म्हणाली, "एवढं काय लिहिताय, पेन्शनीचा अर्ज का?" तिला मी सांगितलेलं नाही. तूच सांग, किंवा सगळं नीट निघाल्यावर सांग. मला वाटतं तिला कळलंय, पण तिनं विचारेपर्यंत मी बोलणार नाही.

ते बालनाट्य आठवतं? भावे नाट्यमंदिर, तू दुसरीत की तिसरीत. तू खारूताई होतीस. सिंह झालेला मुलगा ऐन वेळी रडायला लागला आणि विंगेत पळाला. बाई प्रॉम्प्ट करून थकल्या. तू एकटी स्टेजवर. इकडे तिकडे बघितलंस आणि म्हणालीस, "सिंहमहाराजांना जुलाब झालेत, तोवर मी गाणं म्हणते." आख्खं नाट्यमंदिर कोसळलं. मी शेवटच्या रांगेत उभा होतो, ड्यूटीवरून तसाच आलेलो. शेजारच्या माणसानं विचारलं, कुणाची हो पोर? मला उत्तर देता येईना. नंतर सायकलवर पुढच्या नळीवर बसून तू घरी येईपर्यंत तेच गाणं म्हणत होतीस, आयर्विन पुलावर वारा इतका की शब्द उडून जायचे. तो रस्ता आपल्या वाटेवर नव्हताच. मीच लांबून आणली तुला.

तेव्हा तू कुणाला विचारलं नव्हतंस की सिंह नसला तर नाटकाचं काय होणार. चालवून नेलंस. आता तसंच त्या तुझ्या क्रिएटिव्हच्या मुलीला सरळ सांग. ती तुझ्याच वयाची आहे, तिलाही आई असेल. प्रॉडक्शनला कारण सांगायचं नसेल तर सांगू नकोस, घरचं काम आहे म्हण. खोटं नाही ते.

मुंबईत नको वाटत असेल तर इकडे ये. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसलीस की पहाटे सांगली. स्टेशनवर मी असेन. मिरज जवळ, तिथं डॉक्टरांना तोटा नाही, आणि रिक्षावाले तुला ओळखून धाकट्या जावेबद्दल बोलणी घालतील, तेवढं सहन कर. मुंबईत करायचं असेल तर मावशीला बरोबर ने, एकटी जाऊ नकोस. मी येतो म्हटलं तर तू नको म्हणशील, म्हणून विचारत नाही. बॅग भरून ठेवलीय. तुझं नको आलं तरी ती भरलेलीच राहील.

टीआरपी दर गुरुवारी येतो म्हणतेस ना, आणि त्या दिवशी सेटवर कुणाचं कशात लक्ष नसतं. तू बुधवारी जा. सकाळची वेळ घे, कॉल दुपारचा मागून घे. वेळ मिळाली की मला फक्त तारीख आणि तास कळव, बाकी काही लिहू नकोस, मीही काही विचारणार नाही. रिपोर्ट मात्र फोटो काढून दोन्ही बाजूंनी पाठव. मागच्या बाजूला काही नसतं म्हणून तू पाठवत नाहीस.

तुझा,
बाबा

ता.क. पार्सलात भडंग आहे, लसूण जास्त घातलेला. सेटवर वाटायला वेगळी पिशवी केलीय, तुझी वेगळी. मेतकूट आईचं. आणि त्या निळ्या डबीचं तू विचारलं होतंस, ती दादाकडे आहे, माझ्याकडे नाही. त्याच्याशी तूच बोल.