अक्का, मला नवीन राहू दिलंत त्याबद्दल

अक्का, तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "ऱ्हाऊ दे गं, कॉलर बघ" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. तुमची नात वाचून दाखवेल. आणि आपल्या सोलापुरात ज्यांचा जॉब आत्ता गेलाय त्यांच्यातलं कुणी वाचलं तर फार बरं.

इतकी वर्षं माझं काम म्हणजे अकाउंट्स, टॅली, जीएसटीचे रिटर्न. कुणाचं काही अडलं की "मॅडमला विचारा". ते ऑफिस बंद पडलं आणि पगार गेला ते गेलाच, पण जास्त लागलं ते हे की चव्वेचाळीसाव्या वर्षी आता मला कुणी काही विचारणार नाही, मीच दारोदार विचारत फिरायचं. इंटरव्ह्यूला समोर पंचविशीतली मुलं, "कळवतो मॅडम" म्हणायची, कळवायचं कुणीच नाही.

मग शेजारणीच्या ओळखीने अशोक चौकाकडच्या त्या युनिफॉर्म शिवायच्या युनिटमध्ये आले, जिथं तुम्ही काम करता. घरी फॉल-पिको केलेलं होतं, त्यामुळे जमेल असं वाटलं, पण कारखान्यातलं जुकी मशीन म्हणजे वेगळंच प्रकरण, क्लच मोटरवालं, पायडलवर पाय नुसता टेकला की कापड सरसर ओढून नेतं आणि आपण बघत राहतो. तुम्ही काय केलंत, सुईतला दोराच काढून टाकला. वहीचं रेघांचं पान दिलंत आणि म्हणालात, "आधी रेघ पकड, कापड नंतर." मग दोऱ्याशिवाय कागदावर शिलाई, सरळ रेघ, मग गोल, मग कोपरा. कोपऱ्यात सुई आत ठेवायची, गुडघ्याने कापड दाबणारं फूट उचलायचं, कागद फिरवायचा, फूट खाली, पुढे चला. शेजारी माझ्या निम्म्या वयाच्या पोरी भराभर कॉलर लावतायत आणि मी भोकं पडलेली पानं मोजतेय. मान वर करायला नको वाटायचं.

तेव्हा मालक म्हणाले, मॅडमना हिशोब येतो ना, त्यांना रजिस्टरला बसवू. मला तर हायसं वाटलं होतं, खरंच. तुम्ही मात्र माझ्याकडे बघून विचारलंत, "तुला काय शिकायचंय?" आणि गप्प उभ्या राहिलात. मी मशीन म्हटल्यावर मालकांना म्हणालात, "नवीन आहे ती, नवीनच ऱ्हाऊ दे थोडे दिवस. पीस मोजू नका तिचे, हजेरीवर घ्या."

हे किती मोठं काम होतं ते बाहेरच्यांना कळणार नाही. पीस रेटवर, म्हणजे जेवढे पीस तेवढे पैसे असले की, नवीन माणूस घाई करतो, घाईत शिलाई वाकडी जाते, उसवण्यात दिवस जातो, हातात काहीच पडत नाही आणि तो पळून जातो. शिकायला वेळ लागतो हे सगळेच म्हणतात, पण त्या वेळेचे पैसे मिळवून द्यायला मालकासमोर उभं कोण राहतं?

एकदा दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाताना तुम्ही वडलांचं सांगितलंत. आपल्या गावाला गिरण्या बंद पडणं नवं नाही, 1877 ची जुनी गिरणी गेली, नंतर लक्ष्मी-विष्णू गेली. वडील मिलमध्ये जॉबर, हाताखाली माणसं, आणि मिल बंद झाल्यावर दुसऱ्याच्या मागावर कांड्या भरायला, म्हणजे विणायचा दोरा नळ्यांवर गुंडाळायला बसले, जे काम घरातली पोरं करतात ते. तुम्ही म्हणालात, "आधी मान खाली असायची त्यांची, मग कांडी बरी भरायला लागले आणि बोलायलापण लागले." एवढंच बोलून डबा धुवायला उठलात, मी मात्र तिथंच बसून राहिले.

लोक म्हणतात इतक्या वर्षांचा अनुभव वाया गेला. मला नाही पटत. पण शिकताना तो बाजूला ठेवावा लागतो, नाहीतर तोच आडवा येतो, "मी कोण होते" हेच डोक्यात फिरत राहतं आणि साधी गोष्ट दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटते. मी बॉबिनचं टेन्शन, म्हणजे खालच्या दोऱ्याचा ताण, कितीदा विचारलं असेल, तुम्ही प्रत्येक वेळी पहिल्यांदा सांगितल्यासारखं सांगितलंत, आवाज एकदाही चढला नाही.

आता मी कॉलर लावते, आतला कडक कॅनव्हास सरकत नाही, टोकं दोन्हीकडं सारखी येतात, आणि तुमचं पीसचं पुस्तक पण मीच लिहिते. आभार कसे मानायचे माहीत नाही अक्का, पण एक बघितलंय मी, सुईत दोरा घालताना हल्ली तुम्ही ती ट्यूबलाइटखाली नेता. चष्म्याचा नंबर वाढलाय. रविवारी सुट्टी आहे, मी अकराला घरी येते, डोळे तपासून घेऊ, आणि नाही म्हणायचं नाही.