जुना संगणक, लिनक्स आणि खेळ

महोदय,

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून जुना संगणक भंगारात काढायची घाई नको. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत संगणक-प्रणाली टाकली की स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानाच्या ‘प्रोटॉन’ या जोड-सॉफ्टवेअरमुळे विंडोजचे बरेच खेळ त्यावर चालतात.

घोडं अडतं ते बहुधा डिस्कवर. पोरं खेळ डिस्कच्या जुन्या एनटीएफएस (विंडोजच्या साठवण-पद्धतीच्या) भागातच ठेवतात. प्रोटॉन तिथे ‘सी:’ नावाची लिंक तयार करू पाहतो, पण विंडोजच्या नियमात फाइलच्या नावात ‘:’ हे चिन्ह बसत नाही. मग ‘प्ले’ दाबलं की खेळ क्षणभर उघडल्यासारखा करून बंद. खेळ एक्स्ट-४ (लिनक्सच्या साठवण-पद्धतीच्या) भागावर हलवा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. पेनड्राइव्हवरून आणत असाल तर फॅट-३२ या साठवण-पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

इंटेलच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या अंगभूत ग्राफिक्सला व्हल्कन (प्रोटॉन चित्र दाखवायला वापरतो ती ग्राफिक्स-प्रणाली) अर्धवटच येतं. तिथे सुपरटक्सकार्ट हा लिनक्सवरचा मोफत गाड्यांच्या शर्यतीचा खेळ बरा. व्हॅलोरंट या ऑनलाइन नेमबाजीच्या खेळाचा नाद सोडा, त्याची खेळातली लबाडी पकडणारी यंत्रणा लिनक्सवर चालतच नाही.

आपल्याकडे लाइन गेली की राउटरही जातो. म्हणून नेट असतानाच प्रत्येक खेळ एकदा उघडा, मग स्टीम ऑफलाइन करा.

— एक वाचक, दर्यापूर (जि. अमरावती)