उधारी नदीवरून

मिसिसागा,
१२ ऑक्टोबर

प्रिय दिग्या,

तुझा फोन दोनदा उचलला नाही म्हणून शिव्या घालायच्या आधी हे वाच. दोन्ही वेळा मी कमरेइतक्या गार पाण्यात उभा होतो.

नदीचं नाव क्रेडिट. फ्रेंच व्यापारी इथल्या मिसिसागा आदिवासींना माल आधी द्यायचे आणि कातडी मागाहून घ्यायचे, त्यावरून पडलेलं. म्हणजे उधारी नदीच की! तुझ्या दुकानातली 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी इथे चालली नसती. टोरांटोहून लोकलने अर्ध्या तासावर पोर्ट क्रेडिटला ती लेक ओंटारिओला मिळते. आपल्या पऱ्यापेक्षा मोठी, वाशिष्ठीपुढे पोर.

सप्टेंबर लागला की तळ्यातले चिनुक सामन हिच्यात चढतात. चढणीचेच मासे रे, फक्त मिरगाऐवजी पानं पिवळी पडताना, आणि एकेक सहज आठ-दहा किलोचा. तेही मूळचे इथले नव्हेत. इथला होता अटलांटिक सामन. गिरण्यांचे बंधारे, जंगलतोड आणि बेसुमार मासेमारी यांनी १८९८पर्यंत तो तळ्यातून संपवला. पुढे आलवाइफ नावाच्या बारक्या माशाचा सुळसुळाट झाला. त्याला खाणारा कुणी हवा आणि गळवाल्यांनाही खेळ मिळावा, म्हणून १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून पॅसिफिककडचे हे पाहुणे आणून सोडले.

नदीत शिरला की सामन खाणं सोडतो. तरी आमिष तोंडात धरतोच. रागाने की सवयीने, यावर काठावर रोज वाद. आणि आमिष कसलं माहितीये? गाभोळी! सामनचीच. गुलाबी जाळीदार कापडात सात-आठ दाणे घालून दोऱ्याने पुरचुंडी बांधायची. मला हे एका पोलिश आजोबांनी शिकवलं. माझ्या गाठी बघून ते अजून मान हलवतात.

शनिवारी तरंगी बुडाली आणि रीळ असं कर्कश ओरडलं की हातच सुटायचा. वीस मिनिटं तिने मला खालीवर पळवलं. हो, मादी होती. जवळ आली तेव्हा दिसलं, गळ तोंडात नाही, पाठीच्या परात रुतलाय. तोंडाबाहेर गळ लागला की मासा सोडायचा, असा कायदा. तसाही तिचा रंग चांदीचा उतरून काळपट झाला होता, आणि घर करायला गोटे उकरून शेपटीची कड झिजून पांढरी पडली होती. गळ काढताना तीन-चार नारिंगी दाणे माझ्या तळहातावर आले. तोंड प्रवाहाकडे करून धरली, तर बराच वेळ तशीच राहिली. मग शेपटीचा असा फटका दिला की चष्मा भिजला.

अंडी घातली की हे मरतात. आता काठावर मेलेले पडलेत, वास तर विचारू नकोस. सीगल आधी डोळे टोचतात.

वर स्ट्रीट्सव्हिलच्या बंधाऱ्यात माशांना चढायला वाट ठेवलीय. तेव्हा आठवलं, आपल्या पऱ्यावर सिमेंटचा बंधारा घातला म्हणालास, तिथून मळे, खवळे वर जातात का रे? यंदा मिरगाला गेला होतास?

आईकडे गेलास तर मजेत आहे म्हणून सांग. फक्त गाभोळी आम्ही पाण्यात टाकतो, हे तिला कळू देऊ नकोस.

तुझा,
सुऱ्या