कुष्ठरोगाची उपमा टाळावी

भ्रष्टाचारावरील आपल्या रविवारच्या अग्रलेखात ‘प्रशासनाला जडलेला महारोग’ असे शब्द आले आहेत. अग्रलेखातील मुद्दे पटले. ही उपमा मात्र खटकली.

कुष्ठरोगाने अंग सडते, बोटे झडतात, हा समज तिच्यामागे आहे आणि तो चुकीचा आहे. या रोगाचे जंतू मज्जातंतूंना इजा करतात, त्यामुळे हातापायांची संवेदना जाते. मग चुलीवरचे तापलेले पातेले उचलताना चटका कळत नाही. चपलेतला खिळा दिवसभर टोचला तरी जाणवत नाही. दुर्लक्षित राहिलेली ती जखम चिघळते, तिच्यात पू होतो आणि लोक म्हणतात, रोगाने अंग कुजले. वस्तुतः बहुविध औषधोपचाराने हा आजार साधारण ६ ते १२ महिन्यांत बरा होतो. औषधे सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. घटस्फोटाच्या कारणांतूनही संसदेने २०१९ मध्ये कुष्ठरोग वगळला आहे.

कारभार नासला, व्यवस्था किडली, प्रश्न चिघळला, असे आपण रोज बोलतोच. त्यात कोणा रुग्णाचा अपमान होत नाही. वृत्तपत्रानेही हेच शब्द वापरावेत. अंगावरचा फिकट, बधिर चट्टा बदनामीच्या भीतीने लपवणारी माणसे आजही आहेत, आणि उपचाराला उशीर झाला की गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही.

– एक वाचक